ई१००० कार्डाचा ड्रायव्हर ३१ फ्रेमनंतर थांबतो : रिंगमधील जागा कोणाच्या ताब्यात असते?

प्रश्न : मांजराकाठ, लातूर

नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात शिकतो आणि प्रकल्प म्हणून स्वतः लिहिलेल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी इथरनेट कार्डाचा ड्रायव्हर तयार करत आहे. त्यासाठी इंटेलचे ८२५४०ईएम (ई१००० मालिकेतील) हे कार्ड निवडले आहे, कारण क्यूएमूमध्ये, म्हणजे संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ते तयार मिळते, त्याची प्रोग्रॅमिंगची पुस्तिका खुली आहे, आणि सुट्टीत गावी गेल्यावर नेट नसले तरी एकाच लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या करता येतात.

फ्रेम, म्हणजे इथरनेटवरून येणारे विदेचे गठ्ठे, स्वीकारण्यासाठी मी ३२ डिस्क्रिप्टरची, म्हणजे कार्डाला बफर कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदींची, रिंग केली आहे. प्रत्येक डिस्क्रिप्टर १६ बाइटचा असून त्यात २०४८ बाइटच्या एका बफरचा पत्ता भरलेला आहे. सुरुवातीला आरडीएच, म्हणजे रिंगचे डोके, शून्यावर आणि आरडीटी, म्हणजे शेपूट, ३१ वर ठेवतो. इंटरप्ट, म्हणजे कार्डाचा प्रोसेसरला इशारा, आला की पुढच्या डिस्क्रिप्टरमधील डीडी बिट, म्हणजे कार्डाचे काम झाल्याची खूण, तपासतो, फ्रेम वरच्या थराकडे देतो आणि माझा अनुक्रमांक एकने वाढवतो. एआरपीला (कार्डाचा पत्ता विचारणाऱ्या फ्रेमला) उत्तर जाते, पिंगही चालते. मात्र बरोबर ३१ फ्रेम आल्यानंतर पुढे काहीच येत नाही, इंटरप्टही येत नाही. पिंग सावकाश केले काय किंवा भराभर केले काय, आकडा बदलत नाही. रिंग ३२ ची असताना ३१ वरच का थांबते, आणि थांबतेच का, हे मला समजून घ्यायचे आहे. कुणी तयार कोड दिला नाही तरी चालेल. कारण कळले तर ते अधिक उपयोगी पडेल.

उत्तर : गोदाकाठ, नांदेड

तुम्ही आकडा अचूक नोंदवला आहे, त्यामुळे निदान सोपे झाले. तुमच्या वर्णनात शेपटीच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे हेक्स २८१८ या जागी, सुरुवातीनंतर पुन्हा काही लिहिल्याचा उल्लेख नाही, आणि सगळे कारण तिथेच आहे.

डोक्यापासून शेपटीच्या अलीकडच्या जागेपर्यंतचे डिस्क्रिप्टर कार्डाच्या ताब्यात असतात, हा या कार्डाचा नियम आहे. डोके कार्ड स्वतः पुढे सरकवते आणि शेपूट सरकवण्याचे काम फक्त ड्रायव्हरचे असते. डोके आणि शेपूट एकाच जागी आले, की आपल्याला वापरायला एकही बफर उरलेला नाही, असा अर्थ कार्ड घेते. डोके शून्यावर आणि शेपूट ३१ वर असताना ० ते ३० या ३१ जागा कार्डाला मिळाल्या, त्या त्याने भरल्या, डोके शेपटीपर्यंत पोहोचले आणि कार्ड थांबले. ३२ पैकी एक जागा नेहमी मोकळी ठेवावी लागते, कारण तसे केले नाही तर पूर्ण भरलेली रिंग आणि पूर्ण रिकामी रिंग यांतला फरक केवळ दोन आकड्यांवरून ओळखता येणार नाही.

विहिरीवरचे रहाटगाडगे पाहिले असेल तर ही रचना लगेच लक्षात येईल: भरून वर आलेले गाडगे रिकामे होऊन पुन्हा खाली गेले, तरच पाणी येत राहते. तुमचा ड्रायव्हर फ्रेम काढून घेतो, पण रिकामा बफर कार्डाला परत देत नाही.

शेपटीत नेमका कोणता आकडा लिहायचा, येथे बहुतेक जण अडखळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आता जो डिस्क्रिप्टर वाचून मोकळा केला, त्याचाच अनुक्रमांक शेपटीत लिहावा. पुढे जो वाचायचा आहे, त्याचा लिहू नये. सगळ्या आलेल्या फ्रेम वाचून झाल्यावर पुढे वाचायचा अनुक्रमांक आणि कार्डाचे डोके हे एकच असतात, त्यामुळे तो आकडा शेपटीत लिहिला की दोन्ही पुन्हा जुळतात आणि सगळी रिंग मोकळी असूनही कार्ड गप्प बसते. शेपूट लिहिण्यापूर्वी त्या डिस्क्रिप्टरचा स्टेटस बाइट शून्य करावा. वरच्या थराने बफर स्वतःकडेच ठेवून घेतला असेल, तर आधी नव्या बफरचा पत्ता भरावा आणि मगच शेपूट हलवावी, नाहीतर टीसीपीच्या रांगेत वाट पाहणाऱ्या विदेवर कार्ड पुढची फ्रेम लिहून टाकेल.

आणखी एक गोष्ट, एका इंटरप्टमागे एकच फ्रेम असेल असे धरून चालू नका. डीडी बिट लागलेला आहे तोपर्यंत फेरी चालू ठेवावी.

उत्तर : वाळूज, छत्रपती संभाजीनगर

गोदाकाठ यांनी स्वीकारण्याची बाजू पूर्ण स्पष्ट केली आहे, म्हणून मी पाठवण्याच्या बाजूविषयी लिहितो. कारखान्यातील नियंत्रकांसाठी ड्रायव्हर लिहिणे हे माझे रोजचे काम आहे, आणि क्यूएमूवर उत्तम चाललेला ड्रायव्हर खऱ्या कार्डावर कोसळतो तो बहुतेक वेळा याच बाजूला.

याचे कारण क्यूएमूच्या अंतर्गत रचनेत आहे. आपण पाठवण्याच्या रिंगची शेपूट, म्हणजे टीडीटी, लिहितो त्याच क्षणी, ते लिहिणे पूर्ण होण्याच्या आतच, क्यूएमूमधील ई१००० फ्रेम पाठवून मोकळे होते. त्यामुळे शेपूट लिहिल्यानंतर लगेच बफर मोकळा केला किंवा त्यात दुसरे काही भरले, तरी तिथे काहीही बिघडत नाही. खरे कार्ड मात्र तो बफर थोड्या वेळाने, स्वतःच्या सवडीने डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट स्मृतीतून, वाचते, आणि तोपर्यंत त्यात दुसरा मजकूर आला असेल तर तोच तारेवर जातो. याहून त्रासदायक बाब अशी की सीआरसी, म्हणजे फ्रेममधील चूक ओळखण्याचा आकडा, कार्डच काढत असल्यामुळे चुकीचा मजकूरही इथरनेटच्या दृष्टीने निर्दोष ठरतो. म्हणून पाठवण्याच्या डिस्क्रिप्टरमध्ये आरएस बिट (काम झाल्यावर कळव, असे कार्डाला सांगणारा) लावावा आणि कार्डाने डीडी बिट लावल्यानंतरच बफर परत घ्यावा. रिंग भरलेली असेल तर वरच्या थराला थांबायला सांगावे, जुन्या डिस्क्रिप्टरवर लिहू नये.

लिहिण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. डिस्क्रिप्टर आधी स्मृतीत पोहोचला पाहिजे आणि शेपूट नंतर हलली पाहिजे. कंपायलर आणि प्रोसेसर हे दोघेही क्रम बदलू शकतात, म्हणून मध्ये बॅरिअर, म्हणजे क्रम पाळायला लावणारी सूचना, लावावा आणि रजिस्टरे व्होलाटाइल म्हणून, म्हणजे दर वेळी नव्याने, वाचावीत. एक्स८६ यंत्रावर बॅरिअर विसरला तरी बहुतेक वेळा निभावून जाते. एआरएम बोर्डावर निभावत नाही, आणि अनेक एआरएम बोर्डांवर तर कॅशेमधील मजकूर डीएमएपूर्वी स्मृतीत उतरवावाही लागतो.

खऱ्या यंत्रावर जाण्याआधी पीसीआयच्या (कार्ड ज्या बसला जोडलेले असते तिच्या) कमांड रजिस्टरमधील बस मास्टर बिट तुमचा ड्रायव्हर स्वतः लावतो का, तेही पाहून घ्या. तो लागलेला नसेल तर रजिस्टरे व्यवस्थित वाचता येतात, पण कार्ड स्मृतीला हातच लावू शकत नाही. त्याचप्रमाणे डिस्क्रिप्टरमध्ये कर्नलचा आभासी पत्ता भरून चालत नाही, कार्डाला दिसणारा पत्ताच भरावा लागतो.

प्रश्नकर्ता : मांजराकाठ, लातूर

आपल्या दोघांचे मनःपूर्वक आभार. वाचलेल्या डिस्क्रिप्टरचाच अनुक्रमांक शेपटीत लिहिल्यावर ३१ ची अडचण पूर्णपणे गेली. बफर परत घेण्याचे कामही डीडी बिटाशी जोडले आहे. आता एक पुढची शंका आहे. यजमान यंत्रावरून फ्लड पिंग, म्हणजे न थांबता पिंगचा मारा, चालू केले की माझ्या सिस्टीममध्ये कीबोर्डला प्रतिसाद मिळेनासा होतो आणि पिंग बंद करताच सगळे पूर्ववत होते. इंटरप्ट हाताळतानाच मी पूर्ण फ्रेमवर प्रक्रिया करतो. इतर सिस्टीम हा प्रश्न कसा सोडवतात?

उत्तर : गोदाकाठ, नांदेड

फार चांगला प्रश्न आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यासात त्याला मानाचे स्थान आहे. गिगाबिट इथरनेटवर सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते; तिच्याआधी जाणारे ८ बाइट आणि दोन फ्रेममधली १२ बाइटची मोकळी जागा धरली तर तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट खर्च होतात. या हिशेबाने एका सेकंदात सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम येऊ शकतात. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एका फ्रेममागे जेमतेम दोन हजार आवर्तने मिळतात, आणि प्रत्येक फ्रेमसाठी वेगळा इंटरप्ट घेतला तर त्यातला मोठा हिस्सा इंटरप्टमध्ये शिरण्या-निघण्यातच जातो. सिस्टीम सतत फ्रेम स्वीकारत राहते, पण त्या कोणत्याही प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवायला तिला वेळच उरत नाही. या अवस्थेला रिसीव्ह लाइव्हलॉक म्हणतात आणि जेफ्री मोगल व के. के. रामकृष्णन यांनी १९९० च्या दशकातच तिचे सखोल विश्लेषण केले होते.

लिनक्सने यावर एनएपीआय ही पद्धत स्वीकारली. पहिला इंटरप्ट येताच ड्रायव्हर कार्डाचे पुढचे इंटरप्ट बंद करतो, तुमच्या कार्डावर आयएमसी रजिस्टरने, आणि उरलेले काम इंटरप्टच्या बाहेर, एका वेळी साधारण ६४ फ्रेमच्या मर्यादेत करतो. मर्यादा गाठली तर इतर कामांना संधी देऊन तो पुन्हा येतो. त्याआधीच रिंग रिकामी झाली तर आयएमएसने इंटरप्ट पुन्हा चालू करतो. वर्दळ कमी असताना प्रतिसाद तत्पर राहतो आणि वर्दळ वाढली की इंटरप्टची संख्या आपोआप घटते. भार सिस्टीमच्या कुवतीपलीकडे गेला तर जादा फ्रेम कार्डाच्याच पातळीवर गळतात, आणि त्या तिथे गळणे इष्टच असते, कारण त्यांच्यावर प्रोसेसरचा वेळ खर्ची पडलेला नसतो.

तुमच्या कार्डावर एक खाचखळगा आहे. इंटरप्ट कशामुळे आला ते सांगणारे आयसीआर हे रजिस्टर वाचताच पुसले जाते. रिंग रिकामी झाल्यानंतर आणि इंटरप्ट चालू करण्यापूर्वी तुम्ही ते पुन्हा वाचले, तर मधल्या काळात आलेल्या फ्रेमची सूचना हरवते आणि पुढची फ्रेम येईपर्यंत ती रिंगमध्ये पडून राहते. ते इंटरप्टच्या सुरुवातीला एकदाच वाचावे.

उत्तर : वाळूज, छत्रपती संभाजीनगर

चाचणीविषयी थोडे लिहितो. रिंगची लांबी १२८ बाइटच्या पटीत असावी लागते, म्हणजे ती ८ डिस्क्रिप्टरपर्यंत लहान करता येते. मुद्दाम तेवढीच ठेवून रात्रभर दोन्ही दिशांनी मोठ्या फाइली पाठवा आणि दोन्ही टोकांना त्यांचे चेकसम ताडून पाहा. रिंग वळतानाच्या चुका २५६ डिस्क्रिप्टरच्या रिंगमध्ये दिवसेंदिवस लपून राहतात, ८ च्या रिंगमध्ये त्या काही मिनिटांत समोर येतात. त्यानंतर खऱ्या कार्डावर जायचे असेल तर जुन्या पीसीआय खाचेचा मदरबोर्ड शोधत बसण्यापेक्षा ८२५७४एल हे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड पाहा. क्यूएमूमधील ई१०००ई हे त्याचेच रूप आहे, आणि जुन्या पद्धतीचे डिस्क्रिप्टर त्यालाही कळतात. तिथे फ्रेम कमी येत आहेत असे वाटले तर हेक्स ४०१० येथील एमपीसी, म्हणजे कार्डावर गळालेल्या फ्रेमची, मोजणी वाचा: ती वाढत असेल तर तुम्ही बफर वेळेवर परत देत नाही आहात, आणि ती शून्यावरच असेल तर फ्रेम कार्डानंतर कुठेतरी, तुमच्याच कोडमध्ये हरवत आहेत किंवा कार्डापर्यंत पोहोचतच नाहीत.