घरबसल्या रॉटरडॅमची चित्रं: खरं बघणं की दुधाची तहान ताकावर?

सांजवारा (धागाकर्ता)
माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग बसा भांडत. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बॉयमन्स फान ब्यूनिंगन म्युझियममधली चित्रं मी घरी बसून बघतो आणि त्यात मला तसूभरही कमीपणा वाटत नाही. थोरल्या पीटर ब्रुगेलचा 'बॅबेलचा मनोरा' घ्या, बायबलमधल्या गोष्टीतला. सोळाव्या शतकातलं चित्र, आकार जेमतेम ६० बाय ७५ सेंटिमीटर, आणि त्यात शेकडो माणसं, एकेक काही मिलिमीटरचं. स्क्रीनवर मोठं करत गेलं की मनोऱ्याच्या अंगावर एक उभा तांबडा पट्टा दिसतो आणि एक पांढरा. विटा आणि चुना वर ओढून नेताना उडालेल्या धुळीचे हे डाग! पायथ्याशी गलबतांनी भरलेलं बंदर. मागे चार माणसं ताटकळत उभी असताना हे सगळं शोधायला कोण वेळ देणार?
शिवाय म्युझियमची मूळ इमारत २०१९ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. मग जायचं तरी कुठे?

गलबत
ताकावर भागवा हवं तर, पण ताकाला दूध म्हणू नका. बंद इमारत आहे, चित्रं नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये शेजारीच 'डेपो' उघडला. संग्रहातल्या दीड लाखाहून जास्त कलाकृतींचं हे कोठार, आणि लोकांना थेट कोठारातच जाता येतं. समुद्रसपाटीखालच्या शहरात तळघरात चित्रं ठेवली की पुराची धास्ती, म्हणून सगळं वर आणलं. बाहेरून इमारत आरशांनी मढवलेली. आत वस्तूंची मांडणी शतकाप्रमाणे नाही. कशाला किती थंडावा आणि किती दमटपणा सोसतो त्यावर जागा ठरते. त्यामुळे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या वस्तू शेजारी येतात. चित्रांची डागडुजी करणारी माणसं काचेपलीकडे काम करताना दिसतात. तुम्ही घरी काय करता? ठाऊक असलेलं नाव शोधता आणि तेच बघता. जे ठाऊकच नाही, ते कसं शोधणार?

चहाटळ
गलबतराव, युरोपात जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो. विमानाचं तिकीट, राहणं वेगळं. तेवढं आमच्या खात्यावर टाका, आम्ही ठाऊक नसलेलं बघून येतो.

रेषा
पैशाचा मुद्दा खरा आहे, पण तो बघण्याबद्दलचा मुद्दा नाही. परवडत नाही म्हणून घरून बघतो, हे मान्य. घरून तेवढंच दिसतं, हे अमान्य. याच संग्रहात यायोई कुसामा या जपानी कलाकार बाईंची १९६५ ची आरशांची खोली आहे. जमिनीवर ठिपक्याठिपक्यांचे कापडी आकार आणि भोवती आरसे. त्यात उभं राहिलं की आरशात न संपणारे तुम्ही दिसता. स्क्रीनवर तीच खोली बघताना आरशात सगळं असतं, फक्त तुम्ही नसता. मग उरलं काय?
इटालियन कलाकार कात्तेलानचा पुतळा घ्या. म्युझियमची फरशी खरोखर फोडून त्यातून माणूस डोकं वर काढतो. फोटोत तो गंमत वाटतो. प्रत्यक्षात तो तुमच्या पायाशी असतो, आणि पाय आपोआप मागे सरकतो.

सांजवारा
कुसामा तुम्हाला दिली. कात्तेलानही घ्या. ब्रुगेल मी सोडणार नाही.

चहाटळ
प्रत्यक्ष जवळ गेल्यावर काय होतं तेही सांगा की. २०२५ मध्ये त्याच डेपोत एका लहान मुलाने रोथको या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रावर ओरखडे काढले. माझ्या स्क्रीनवर फार तर बोटाचा डाग पडतो, शर्टाने पुसतो.

रेषा
विनोद ठीक, पण त्या चित्राला वार्निशचं आवरण नव्हतं म्हणून रंगावरच ओरखडे आले. तो उघडा रंगच तर बघायचा असतो. स्क्रीनवर रोथको म्हणजे दोन रंगीत चौकोन. ब्राइटनेस वाढवला की चित्रच बदलतं!

गलबत
आणि बंदराचं काय? मे २०२५ मध्ये तिथे 'फेनिक्स' उघडलं, स्थलांतराचं म्युझियम, हॉलंड अमेरिका लाइन या जहाज कंपनीच्या १९२३ च्या गोदामात. दोन हजार सुटकेसींचा चक्रव्यूह आहे आत. गच्चीवरून त्याच कंपनीची जुनी कचेरी दिसते, आता तिथे हॉटेल आहे. ज्या धक्क्यावरून माणसं अमेरिकेला गेली तो धक्का समोर ठेवून त्या सुटकेसी बघायच्या असतात.

चहाटळ
म्हणजे स्थलांतराचं म्युझियम बघायलाही आधी व्हिसा.

ओटीवरचा
माझे गुडघे म्युझियम सोसत नाहीत, तेव्हा माझी बाजू ठरलेली आहे. पण एक मुद्दा कुणीच काढला नाही. बॉश या जुन्या चित्रकाराचा 'फेरीवाला' याच म्युझियमचा, साधारण १५०० चा. एका पायात जोडा, दुसऱ्यात सपात, नडगीला पट्टी, पाठीवरच्या टोपलीला मांजराचं कातडं लटकलेलं. अभ्यासकांच्या मते हा एका मोठ्या चित्राचा कापलेला तुकडा. बाकीचे तुकडे पॅरिस, वॉशिंग्टन आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या म्युझियममध्ये. एरवी ते शेजारी शेजारी कुठे बघणार? मी चार खिडक्या उघडतो आणि बघतो. रॉटरडॅमला गेलो तर एकच दिसेल.

सांजवारा
हे मला सुचायला हवं होतं!

रेषा
मुद्दा चांगला आहे, मानलं. पण तुमच्या चारही खिडक्या सारख्याच आकाराच्या. कुठलं चित्र केवढं, हे डोळ्याला कसं कळणार?

ओटीवरचा
मापं खाली लिहिलेली असतात. फेरीवाला ७१ सेंटिमीटर. चित्र गोल आहे, म्हणून भिंतीवर चिकटपट्टीने तेवढं वर्तुळ आखलंय, आधी ते बघतो, मग स्क्रीन. बाकीचे तीनही आखणार आहे. गलबत, हसा खुशाल.

गलबत
हसत नाही हो. पण डेपोत चिकटपट्टी लागत नाही.