डी-३ च्या पुड्या : आई पाच महिने मँचेस्टरला, किती द्याव्यात? (लवकर सांगा)

एरंडोली
आई गुरुवारी भावाकडे मँचेस्टरला निघतेय, एप्रिलमध्ये परत. तिला डी जीवनसत्त्व कमी निघालं होतं म्हणून ६०,००० युनिटच्या पुड्या चालू आहेत. भाऊ म्हणतो तिकडे हिवाळ्यात ऊन नावालाच, सगळेच डी घेतात, तू पुड्या भरून दे. मेडिकलवाला म्हणतो आठवड्याला एक या हिशोबाने वीस देतो. प्रश्न एवढाच की वीस पुरतील का पंचवीस देऊ? आणि विमानात पावडर चालते ना? ‘डॉक्टरांना विचारा’ असं कृपया लिहू नका, आमचे डॉक्टर दिवाळीला गावी गेलेत ते अजून आले नाहीत.

भुसावळी_ऊन
काय भो, खान्देशातल्या माणसाला डी कमी? आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो. सूर्य इथे फुकट, आणि तुम्ही पुड्या विकत घेताय!

तापीकाठ
४५ ला पारा जातो म्हणूनच कमी असतं. दहा वाजले की दारं-खिडक्या बंद, कूलर चालू. बाहेर पडलंच तर सनकोट, हातमोजे, डोळ्यांपुरती फट सोडून स्कार्फ. मग पावसाळ्याचे ढग. चामडीला ऊन दिसतं कधी? आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या घरी त्या पुड्या आहेत.

कळणं_भाकर
सकाळी सात वाजता कोवळ्या उन्हात अर्धा तास बसवा. तिळाच्या तेलाने मालीश करून. आमची आजी नव्वदीपर्यंत ताठ होती, तिला कुठे माहीत होतं डी काय न् बी काय.

गोळीवाला
कोवळ्या उन्हात बसायला छान वाटतं, पण डी त्यातून जवळजवळ मिळत नाही. ज्या किरणांनी कातडीत डी तयार होतं ती सूर्य वर आल्यावरच पुरेशी पोचतात. साधी खूण : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असली पाहिजे. आणि काचेच्या खिडकीमागे बसून उपयोग नाही, काच ती किरणं अडवते.

@एरंडोली, मी फार्मसीतला आहे. पुड्यांची संख्या सांगण्याआधी काही विचारतो. आईंचं वय? रिपोर्टमध्ये आकडा किती होता, कधीचा? आजपर्यंत किती पुड्या झाल्या? आणखी कोणत्या गोळ्या चालू?

एरंडोली
वय ६७. आकडा बहुतेक ११. बाकी नेहमीच्या गोळ्या. वीस का पंचवीस?

कळणं_भाकर
सावली मोजत उन्हात उभं राहायला आपण काय घड्याळ आहोत का? आणि डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सावली आपल्याएवढीच पडते, मग हिवाळाभर खान्देशात कोणाला डी मिळतच नाही म्हणायचं का?

गोळीवाला
मिळतं. जळगावला डिसेंबरात साडेबाराच्या सुमाराला सावली उंचीएवढी असते, तेवढ्यात काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो. उतारवयात कातडीची डी बनवायची ताकदही कमी होते. पण मँचेस्टरला तेव्हा सूर्य इतका खाली असतो की दिवसभर बाहेर उभं राहिलं तरी काही हाती लागत नाही.

शिरपूर_ते_लीड्स
मी इकडे नर्स आहे. काकू येतील तेव्हा साडेचारच्या सुमाराला अंधार पडत असेल. भाऊ म्हणतो ते अर्धं खरं आहे. इथली सरकारी आरोग्यसेवा सांगते की ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सगळ्यांनीच डी घेण्याचा विचार करावा. सावळ्या कातडीच्या किंवा अंगभर कपड्यात वावरणाऱ्या लोकांनी तर वर्षभर. पण मात्रा किती? रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट. ही गोळी इथे कोणत्याही सुपरमार्केटात बिनचिठ्ठीची मिळते, स्वस्तात.

आता हिशोब करा दादा. पाच महिने म्हणजे १५० दिवस, गुणिले ४००. झाले ६०,०००. अख्ख्या हिवाळ्याचं इथलं प्रमाण म्हणजे तुमची एक पुडी.

एरंडोली
असं कसं? मग आमच्या मेडिकलवाल्याने आठवड्याला एक का सांगितली?

गोळीवाला
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ११ नॅनोग्रॅम म्हणजे चांगलीच कमतरता, २० च्या खाली कमीच धरतात. ती भरून काढायला आपल्याकडे आठवड्याला ६०,००० अशी साधारण आठ आठवडे देतात. मग थांबायचं, किंवा डॉक्टर सांगतील तसं महिन्याला एक वगैरे. इंग्लंडचे ४०० हे आहे ते टिकवण्यासाठी. आठवड्याची पुडी म्हणजे रोजचे साडेआठ हजार युनिट, आणि मोठ्या माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये असं सांगतात. म्हणून पुन्हा विचारतो, आजपर्यंत किती झाल्या?

बी_बारा
माझं बी-१२ १४० आलंय आणि पायाला मुंग्या येतात. इंजेक्शन घेऊ की गोळी? शाकाहारी आहे.

तापीकाठ
वेगळा धागा काढा हो.

भुसावळी_ऊन
हे सगळं लॅबवाल्यांचं कारस्थान आहे. अमेरिकेतल्या हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेनेच २०२४ मध्ये सांगितलं की धडधाकट माणसाने डी तपासूही नये.

गोळीवाला
धडधाकट माणसाने उगाच तपासू नये, असं. त्याच मार्गदर्शनात ७५ च्या पुढच्यांना आणि गरोदर बायकांना गोळी सुचवली आहे. ज्यांना कमतरता निघून उपचार चालू आहेत त्यांना ते लागू नाही. अर्धं वाचून पाठवायची सवय सोडा.

भुसावळी_ऊन
तुमचं दुकान चालायला पाहिजे ना भाऊ, समजतं आम्हाला.

कळणं_भाकर
अळिंबी कापून उन्हात वाळवली तर तिच्यात डी वाढतं, हे तरी मान्य का? का तेही खोटं?

गोळीवाला
ते खरं आहे. तो डी-२ असतो, पुडीतला डी-३. पण ६७ व्या वर्षी मँचेस्टरला अळिंबी वाळवत बसायला सांगणार का?

भरीतप्रेमी
मी म्हणतो दुपारी शेतात भरीत पार्टी करा. वांगी निघालीच आहेत. काड्यांवर वांगी भाजेपर्यंत दीड तास ऊन आपोआप लागतं, वर कळण्याची भाकरी. काकूंना जायच्या आधी एकदा न्या.

एरंडोली
@गोळीवाला, जूनअखेरीपासून चालू आहेत, दर रविवारी. डॉक्टरांनी आठच लिहिल्या होत्या पण बंद करा असं कोणी म्हटलं नाही. गोळ्या म्हणजे कॅल्शियमची एक, आणि बीपीची, टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड असं पाकिटावर लिहिलंय. चार वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता पण तो पडून गेला, त्याचा इथे संबंध नाही. हल्ली तहान फार लागते आणि पोट साफ होत नाही, पण ते हवा बदलल्यामुळे. आता तरी सांगा.

गोळीवाला
हे पहिल्याच वेळी लिहायचं होतं, दादा. सगळ्याचा संबंध आहे. डी जास्त झालं की आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं. वर कॅल्शियमची गोळी. वर ती बीपीची गोळी, तिच्यातलं हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीतून जाणारं कॅल्शियम रोखून धरतं. मुतखड्याच्या माणसाला हे नकोच. आणि तहान, बद्धकोष्ठ ही कॅल्शियम चढल्याची लक्षणं असू शकतात. असतीलच असं नाही, साधं काहीही असेल.

उद्याच्या रविवारची पुडी देऊ नका. बीपीची गोळी मात्र मनाने थांबवू नका. सकाळी रक्त द्या : कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि डी. तुमचे डॉक्टर नसतील तर दुसरे गाठा, पण रिपोर्ट बघितल्याशिवाय विमानात बसवू नका.

शिरपूर_ते_लीड्स
अगदी हेच. पाहुणी म्हणून आलेल्या माणसाला इथे मोठ्या दवाखान्यात दाखवायचं म्हणजे खर्च अंगावर येतो. जे काय असेल ते तिकडेच निस्तरा. भावालाही सांगा, नाहीतर तो तिच्या वाट्याची डीची गोळी आणि मल्टिव्हिटॅमिन दोन्ही सुरू करेल, त्यातही डी असतं.

कळणं_भाकर
साध्या पुडीचं केवढं केलं. जीवनसत्त्वच ना ते, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.

गोळीवाला
ते बी आणि सी चं. डी चरबीत विरघळतं आणि साठतं, म्हणून तर जेवणासोबत किंवा दुधातून घ्यायला सांगतात. आठवड्याची पुडी चुकून रोज घेऊन मूत्रपिंडाला त्रास झालेली माणसं आपल्याच देशात आहेत.

एरंडोली
रिपोर्ट आले. डी ७४, कॅल्शियम १०.३, क्रिएटिनिन ०.९. धरणगावच्या एका डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, चढलेलं नाही पण काठावर आहे. पुड्या बंद, कॅल्शियमची गोळीही बंद, बीपीची दुसरी लिहून दिली. तिकडे गेल्यावर लगेच काही नको, डी साठलेलं आहे, जानेवारीनंतर त्या ४०० वाल्या घेतल्या तरी चालतील. पाणी भरपूर. आल्यावर पुन्हा तपासायचं. भावाला कळवलंय, तो अजून वाद घालतोय.

घरात सहा पुड्या उरल्यात. बाबांना देऊन टाकू का?

गोळीवाला
नको.

तापीकाठ
पावडरचं कोणीच सांगितलं नाही. एक ग्रॅमची पुडी असते, तिला कोणी अडवत नाही. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा.

शिरपूर_ते_लीड्स
आणि तूप, पेढे, खवा देऊ नका. दुधाचे पदार्थ भारतातून इथे आणायला बंदी आहे, सापडले तर काढून घेतात. बिबडे, कुरडया, पापड चालतात. बिबडे जरा जास्त द्या, इथे कशालाच ती चव नाही.

भरीतप्रेमी
भरताच्या वांग्याचं बी चालतं का हो? भावाने तिकडे कुंडीत लावलं असतं.

शिरपूर_ते_लीड्स
बियाण्याला प्रमाणपत्र लागतं. आणि लावून करणार काय, ऊन कुठंय!