बाहेरगावचे लोकही वापरतात त्या उद्यानांच्या देखभालीचा भार कोणी उचलावा?

प्रश्न : विजापूर रोडकर

सर्वांस नमस्कार. सोलापुरातील धर्मवीर संभाजी तलावाच्या काठी मी रोज सकाळी फिरायला जातो. रविवारी सायंकाळी तेथे आणि सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात जी गर्दी होते, तिच्यात अक्कलकोट, मोहोळ आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतून आलेली कुटुंबे बरीच असतात. त्यांनी येण्यात वावगे काहीच नाही. परंतु हिरवळ, दिवाबत्ती, स्वच्छतागृहे आणि पहारेकरी यांचा खर्च महापालिकेने, म्हणजे आम्हा मालमत्ता करदात्यांनीच का सोसावा? सरसकट प्रवेश शुल्क लावणे हा न्याय्य मार्ग ठरेल काय?

प्रतिसाद : निवृत्त लेखापाल

आपल्या प्रश्नातील एक गृहीतक तपासून पाहावे, असे वाटते. महापालिकेची तिजोरी केवळ मालमत्ता करावर चालत नाही. पूर्वी जकात होती, पुढे स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर बुडालेल्या या उत्पन्नाची भरपाई म्हणून राज्य शासन महापालिकांना अनुदान देते. मोहोळचा शेतकरी बाजारात जे खरेदी करतो, त्यावरील कर फिरून याच तिजोरीत काही अंशी येतो. तेव्हा तो फुकट्या नव्हे.

खरी अडचण निराळी आहे. राज्यघटनेच्या, नगरपालिका व महापालिकांसाठी असलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत उद्याने व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तर पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीच्या २९ विषयांत सामाजिक वनीकरण आहे, सामूहिक मालमत्तेची देखभाल आहे, पण उद्यान हा शब्द नाही. त्यामुळे साऱ्या जिल्ह्याने वापरायच्या बागेचे पालकत्व आपोआप शहराच्या गळ्यात पडते. त्यात बाग उभारण्यासाठी निधी मिळतो, उद्घाटनाची कोनशिलाही बसते. माळ्याच्या पगारासाठी मात्र कोणी निधी देत नाही, कारण तो महसुली, म्हणजे दरवर्षी होणारा चालू खर्च आहे.

प्रतिसाद : कुंभारीची रहिवासी

सरसकट शुल्काला माझा विरोध आहे. आमच्या गावच्या हद्दीत विडी कामगार महिलांच्या हजारो घरांची वसाहत आहे. ही हद्द महापालिकेची नाही, म्हणून आम्ही तिचा मालमत्ता कर भरत नाही, हे खरे. पण आमच्यातील पुष्कळांचे काम, दवाखाना आणि बाजार शहरातच आहे. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईने दोन मुलांना घेऊन बागेत जायचे म्हटले, तर बसचे भाडे तिच्या पदरी आहेच. त्यावर तिकीट लावले की ती मुळात येणारच नाही आणि आपण मात्र गर्दी कमी झाली म्हणून समाधान मानू. पायी येणाऱ्याला प्रवेश मोफत असावा. चारचाकीच्या वाहनतळाचे आणि लग्नाआधीच्या छायाचित्रणाचे शुल्क खुशाल चढे ठेवावे.

प्रतिसाद : निवृत्त लेखापाल

ताईंचा मुद्दा मला मान्य आहे. शिवाय तिकीटघर दोन पाळ्यांत चालवायचे, तर लहान बागेत जमा झालेल्या रकमेचा मोठा हिस्सा तिकीट फाडणाऱ्याच्या पगारातच जातो. वाहनतळाची वसुली तुलनेने सोपी आहे. मात्र ती रक्कम सर्वसाधारण निधीत न मिसळता उद्यान विभागाच्या स्वतंत्र लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या वेगळ्या खात्यात, जमा व्हावी. उरलेल्या तुटीचा ठरावीक वाटा जिल्हा वार्षिक योजनेतून मागावा, कारण गावोगावचे लोक येतात ही वस्तुस्थिती जिल्हा नियोजन समितीसमोर मांडता येते. वृक्ष उपकराकडे या कामासाठी पाहू नये. १९७५ च्या वृक्ष अधिनियमाखालील ती रक्कम झाडांसाठी आहे, दिव्यांसाठी नव्हे.

प्रतिसाद : विजापूर रोडकर

सरसकट प्रवेश शुल्काचा आग्रह मी सोडतो. एक शंका उरते : ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे हिरवळीसाठी उजनी धरणाचे पाणी मागणे मला संकोचाचे वाटते. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते बागांना दिल्यास देखभालीचा खर्च किती घटेल, याचा हिशेब विभागीय कार्यालयाकडे लेखी मागणार आहे. वाहनतळाच्या स्वतंत्र लेखाशीर्षाची मागणीही त्याच अर्जात जोडतो.