फिनिशरचा धाक कुठे गेला? रेसलिंगच्या जुन्या आणि नव्या सामन्यांविषयी

मूळ लेखन: रिंगच्या कडेने

6 एप्रिल 2014 रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ब्रॉक लेस्नरने अंडरटेकरला एफ-5 हा आपला हुकमी डाव तिसऱ्यांदा मारला, खांदे टेकलेले असताना पंचाने तीन मोजले आणि रेसलमेनिया या दरवर्षीच्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमातील अंडरटेकरची एकवीस विजयांची मालिका तिथेच तुटली. प्रेक्षकांना तो निकाल खराच वाटेना. चार वर्षांनी, 8 एप्रिल 2018 रोजी, त्याच छताखाली त्याच लेस्नरने रोमन रेन्सला पाचाहून अधिक एफ-5 मारले आणि रेन्स जवळजवळ प्रत्येक वेळी तीन मोजून होण्याआधी खांदा उचलत राहिला. अंडरटेकरला संपवायला तीन एफ-5 पुरेसे होते, मग रेन्सला इतके का लागावेत, याचे उत्तर त्या सामन्यात कुठेही नव्हते. प्रेक्षक हुर्यो उडवू लागले, आणि माझ्या मते त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

फिनिशर म्हणजे मल्लाचा हुकमी डाव. तो पडला की सामना संपला, अशी प्रेक्षकाची धारणा वर्षानुवर्षे जपावी लागते, आणि ती जपली गेली तरच त्या डावातून झालेल्या सुटकेला अर्थ राहतो. आज दर मोठ्या सामन्यात चार-पाच फिनिशर पडतात, दर वेळी दोनच्या मोजणीवर सुटका होते, आणि पंचाचा हात तिसऱ्यांदा खाली येत असताना छातीत जो ठोका चुकायचा तो आता चुकत नाही.

माझ्या दृष्टीने आजवरचा सर्वोत्तम सामना 23 मार्च 1997 रोजी शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये झालेला ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन हा आहे. प्रतिस्पर्ध्याला हार कबूल करायला लावणे हाच जिंकण्याचा एकमेव मार्ग होता आणि केन शॅमरॉक पंच होता. सुमारे बावीस मिनिटांच्या त्या सामन्यात ब्रेटने ऑस्टिनच्या गुडघ्याला लक्ष्य केले, त्याचा पाय रिंगच्या लोखंडी खांबाभोवती अडकवून पिळला, आणि त्यानंतर ऑस्टिन प्रत्येक पाऊल त्या दुखऱ्या गुडघ्याची आठवण ठेवून टाकत राहिला. मार लागल्याचे दाखवणे आणि तो मार शेवटपर्यंत विसरू न देणे, यालाच सेलिंग म्हणतात. शेवटी शार्पशूटर या पाय पिळणाऱ्या पकडीत अडकलेला ऑस्टिन रक्ताने माखलेला चेहरा वर करून, दोन्ही तळवे जमिनीवर रोवून अंगाखालून ब्रेटला उलथवू पाहतो. क्षणभर पकड सुटल्यासारखी वाटते, ब्रेट पुढे कोलमडतो आणि पुन्हा घट्ट बसतो. ऑस्टिन हार मानत नाही, तो बेशुद्ध पडतो. सुरुवातीला ज्याच्या बाजूने लोक ओरडत होते तो ब्रेट हुर्यो ऐकत परतला आणि खलनायक म्हणून आलेला ऑस्टिन कोणाचाही आधार न घेता लंगडत निघाला तेव्हा लोक त्याच्या नावाचा घोष करत होते. एवढे सगळे घडवायला डावांची आतषबाजी लागली नाही. आजच्या काळात याच्या तोडीचा सामना मला सापडत नाही. कोणाला सापडत असेल तर त्यांनी तो जरूर सांगावा.

प्रतिसाद 1: टोकियो डोमचा चाहता

आपण वर्णन केलेल्या सामन्याविषयी माझ्याही मनात तितकाच आदर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. आपण ‘आजचे रेसलिंग’ म्हणता तेव्हा फक्त डब्ल्यूडब्ल्यूई या एका अमेरिकन कंपनीकडे पाहता. काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांची जपानमधली चार सामन्यांची मालिका पाहिली असती, तर फिनिशरचा धाक संपला असे आपण लिहिले नसते.

4 जानेवारी 2017 रोजी टोकियो डोममध्ये हे दोघे पहिल्यांदा भिडले तेव्हा सामना 46 मिनिटे 45 सेकंद चालला, पण ओमेगाला त्याचा ‘वन विंग्ड एंजल’ हा हुकमी डाव एकदाही मारता आला नाही. जून 2017 मध्ये ओसाकाला साठ मिनिटांची बरोबरी झाली. त्यात तो डाव एकदाचा पडला, पण ओकाडाचा पाय दोरावर असल्याने मोजणी थांबली, म्हणजे ओकाडाने खांदा उचललाच नाही. ऑगस्टमध्ये जी-1 स्पर्धेत त्याच डावाने ओकाडा चितपट झाला, आणि 9 जून 2018 रोजी पुन्हा ओसाकाला, तीन फेऱ्यांपैकी दोन जिंकण्याच्या लढतीत, ओमेगाने त्याच डावाने अजिंक्यपद मिळवले. एका डावाची किंमत दीड वर्ष, चार सामने, इतक्या काटेकोरपणे सांभाळल्याचे उदाहरण आपल्या 1997 मध्येही सापडणार नाही.

ओकाडाचा रेनमेकरही तसाच आहे. प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरून त्याला जवळ खेचायचे आणि दुसऱ्या हाताचा तडाखा गळ्यावर द्यायचा, एवढाच तो डाव. फटका चुकला, दोघेही कोसळले, तरी ओकाडाची बोटे त्या मनगटावरून सुटत नाहीत. कॅमेरा त्या मुठीवर स्थिरावतो आणि पुढचा तडाखा येणार हे प्रेक्षकाला आधीच कळते. यापेक्षा जास्त धाक कशाचा असावा?

प्रतिसाद 2: ट्रम्पकार्डवाला

माझे बालपण सोसायटीच्या जिन्यात डब्ल्यूडब्ल्यूएफची (म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईची) ट्रम्प कार्डे खेळण्यात गेले. उंची, वजन, छाती, दंड आणि रँक या आकड्यांवर आमची निष्ठा ठरत असे. त्यामुळे जुन्या काळाबद्दल मला आपल्याइतकेच ममत्व आहे. तरीही आपण जुन्यातला सर्वोत्तम सामना घेऊन तो आजच्या सर्वसाधारण सामन्यांशेजारी ठेवला आहे, ही तुलना न्याय्य नाही.

29 मार्च 1987 रोजी पॉन्टियाक सिल्व्हरडोममध्ये हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटले तो क्षण कोणीही विसरणार नाही. पण बाकीचा सामना आज सलग पाहून बघावा. आंद्रेची पाठ इतकी बिघडलेली होती की त्याला धड हालचाल करता येत नव्हती. तो प्रसंग मोठा होता, सामना मोठा नव्हता. त्याच दिवशी रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांनी पंधरा मिनिटांच्या आत जे केले ते खरे रेसलिंग होते, आणि त्यात दोनच्या मोजणीवर झालेल्या सुटका मोजायला बसलात तर हाताची बोटे पुरणार नाहीत. सॅव्हेजने तो सामना हालचालीगणिक आधी लिहून पाठ करून घेतला होता. आज तरुण मल्लांवर ‘सगळे पाठ करून येतात’ असा जो आक्षेप घेतला जातो, त्याची मुळे आपल्याच लाडक्या काळात आहेत.

प्रतिसाद 3: तिसरा दोर

या चर्चेत दोन गोष्टींचा उल्लेखही झालेला नाही, आणि मला त्याच सर्वांत महत्त्वाच्या वाटतात.

पहिली स्त्रियांची. ज्या सुवर्णकाळाचे गोडवे गायले जातात त्यात स्त्री मल्लांना दिले जाणारे सामने आज घरात कोणासोबत बसून पाहण्याजोगे नाहीत. फेब्रुवारी 2015 मध्येही ‘रॉ’ या डब्ल्यूडब्ल्यूईच्या साप्ताहिक कार्यक्रमात स्त्रियांचा एक जोडी-सामना अर्ध्या मिनिटात उरकला गेला आणि चाहत्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्याच वर्षी 22 ऑगस्टला ब्रुकलिनमध्ये बेली आणि साशा बँक्स यांचा सामना झाला. बेलीचा हात आधीच जायबंदी होता. पकडीत सापडलेली बेली दोर गाठण्यासाठी तोच हात पुढे सरकवते आणि साशा त्या बोटांवर बुटाची टाच मारते, तेव्हा प्रेक्षागृहातून जो हुंकार उठतो तो मूळ लेखकांनी ऐकावा. त्यांना जे सेलिंग हवे आहे ते तिथे काठोकाठ आहे. 2019 मध्ये स्त्रियांनी त्या वर्षीच्या रेसलमेनियाचा मानाचा शेवटचा सामना खेळला, तो अशाच सामन्यांच्या बळावर.

दुसरी गोष्ट मल्लांच्या शरीराची. जानेवारी 1999 मध्ये मिक फोलीचे हात पाठीमागे बेड्यांनी बांधलेले असताना रॉकने त्याच्या डोक्यावर अकरा वेळा लोखंडी खुर्ची मारली, आणि त्याची पत्नी व लहान मुले रिंगजवळ बसून ते पाहत होती. त्या रात्री मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता तो सामना मला पाहवत नाही. डोक्यावर खुर्ची मारण्यावर पुढे 2010 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने बंदी घातली, ती उशिराच आली. जुन्या सामन्यांतला ‘खरेपणा’ अनेकदा खऱ्या जखमांतून आलेला होता. नव्या पिढीने तो कौशल्यातून आणला असेल, तर तिचे श्रेय आपण का नाकारावे?

मूळ लेखक: रिंगच्या कडेने

तिसरा दोर यांच्या दोन्ही मुद्द्यांवर मी निरुत्तर आहे. बेली आणि साशाचा सामना मी पाहिला होता, आणि वरचा दावा करताना तो आठवायला हवा होता. खुर्चीच्या बाबतीत माझे मत कधीच वेगळे नव्हते, पण ते आधीच स्पष्टपणे लिहायला हवे होते, हे मान्य करतो.

ओकाडा-ओमेगाची मालिका मला ठाऊक आहे. डाव राखून ठेवण्याचे ते मोठे उदाहरण आहे, यात वाद नाही. माझी अडचण लांबीची आहे. पहिल्या वीस मिनिटांत जे घडते त्याचा शेवटच्या वीस मिनिटांवर फारसा परिणाम होत नाही, असे मला त्या सामन्यांत अनेकदा वाटले. सॅव्हेज-स्टीमबोटविषयी मात्र मी ठाम आहे. तिथल्या सुटका साध्या डावांतून होत्या, हुकमी डावातून नव्हत्या. गुंडाळून धरणे, घसरवून पाडणे यांतून मल्ल सुटणारच. शेवटी सॅव्हेज हरतो तोही तशाच एका साध्या गुंडाळीने, त्यामुळे आधीची प्रत्येक गुंडाळी पुन्हा पाहताना धोकादायक वाटू लागते.

प्रतिसाद 4: खासबाग

मी मातीतल्या कुस्तीचा माणूस आहे. ज्याचा निकाल आधी ठरलेला आहे त्याला आमच्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि नुरा ओळखली की आमचे लोक पैलवानांना आखाड्यातून खाली उतरवतात. इतक्या अभ्यासू मंडळींनी त्यावर एवढा खल करावा, याचे मला मनापासून आश्चर्य वाटते. निकाली कुस्ती पाहायची असेल तर कोल्हापूर फार लांब नाही.

प्रतिसाद 5: टोकियो डोमचा चाहता

खासबाग यांना आदरपूर्वक सांगावेसे वाटते की नुरा कुस्तीत फसवणूक असते, कारण तिथे लोक खरी लढत पाहायला आलेले असतात. इथे तसा सौदाच नाही. निकाल ठरलेला असतो हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही त्याला खुर्चीतून उठवणे हे मल्लाचे काम असते. हवेतून खाली येणारे सव्वाशे किलोचे शरीर मात्र कोणी ठरवून हलके करू शकत नाही.

प्रतिसाद 6: पहाटेचा प्रेक्षक

मूळ लेखकांशी माझा मतभेद वेगळ्याच ठिकाणी आहे. फिनिशरची किंमत घसरली हे मला मान्य आहे, पण ती लेस्नर-रेन्सने घालवली नाही. ती 5 एप्रिल 2009 रोजी ह्यूस्टनमध्ये अंडरटेकर आणि शॉन मायकल्स यांच्या सामन्यात घसरायला लागली, जो बहुतेकांच्या यादीत सर्वांत वर असतो. टूमस्टोन या अंडरटेकरच्या हुकमी डावानंतरही मायकल्सने खांदा उचलला आणि अंडरटेकरचे डोळे विस्फारले, ते दृश्य इतके गाजले की त्यानंतर प्रत्येक मोठ्या सामन्यात तोच क्षण पुन्हा घडवण्याची स्पर्धा लागली. प्रत्येकाला तोच विस्फारलेला चेहरा हवा होता. चांगल्या सामन्याने वाईट सवय लावली, असे माझे म्हणणे आहे.

याच्या उलट, रेसलमेनिया 40 मधल्या कोडी ऱ्होड्स विरुद्ध रोमन रेन्स या सामन्याचे मी समर्थन करतो. इथे तो सोमवारी, 8 एप्रिल 2024 च्या सकाळी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी दिसला. आमच्या घरात पहाटे साडेचारपासून टीव्ही लागलेला होता. सामन्यात जॉन सीना आला, रॉक आला, अंडरटेकर आला, डावांची संख्या कोणाला मोजता येऊ नये इतकी झाली. तरीही रेन्सची 1316 दिवसांची अजिंक्यपदाची राजवट मोडायला एका माणसाचे बळ पुरत नाही, हीच त्या गर्दीमागची गोष्ट होती. ज्या किताबाने वडील डस्टी ऱ्होड्स यांना हुलकावणी दिली तो मुलाच्या हाती आला. प्रत्येक सामन्याला 1997 च्या मापाने मोजले तर अशा गोष्टी सांगायच्याच राहून जातील.

मूळ लेखक: रिंगच्या कडेने

2009 च्या सामन्यावर आपण ठेवलेला दोष मला पटत नाही. त्या सुटकेला वजन होते, कारण टूमस्टोनमधून तोवर क्वचितच कोणी सुटले होते. 1998 मध्ये केन सुटला होता, आणि तोही कथेत त्याचा भाऊ होता म्हणून. साठवलेला धाक एकदाच आणि योग्य जागी खर्च झाला. नंतरच्यांनी साठवण न करता खर्च केला, तर त्याचे खापर पहिल्यावर कसे फोडणार? शिवाय पुढच्या वर्षी याच दोघांच्या सामन्याचा शेवट पाहा. अंडरटेकर थबकतो, मायकल्स त्याच्याच अंगाला धरून उभा राहतो, स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवतो आणि त्याच्या कानशिलात मारतो. मग उडी घेऊन मारलेला टूमस्टोन, तीनची मोजणी आणि मायकल्सची कारकीर्द समाप्त.

कोडी-रेन्सच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. कोडी जिंकला याचा मलाही आनंद झाला, पण तो आनंद त्याच्या दोन वर्षांच्या कथेमुळे होता. त्या सकाळच्या सामन्यात कोडीने रेन्सच्या कोणत्या अवयवावर काम केले, हे मला आज आठवत नाही.

प्रतिसाद 7: तिसरा दोर

मग आपल्या मापात बसणारा अलीकडचा सामना मी सांगते. 3 सप्टेंबर 2022, कार्डिफ, गुंथर विरुद्ध शेमस. त्यात फिनिशरची उधळण नाही, बाहेरून कोणी मदतीला येत नाही. दोन धिप्पाड माणसे उघड्या तळहाताने एकमेकांच्या छातीवर फटके मारतात आणि पांढऱ्या कातडीच्या शेमसची छाती पाहता पाहता लालबुंद होते. तो आवाज वरच्या रांगांपर्यंत जात असणार. शेमस हरतो, आणि नंतर ते स्टेडियम उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवते. आपला ऑस्टिनही हरलाच होता.

मूळ लेखक: रिंगच्या कडेने

काल रात्री तो सामना पुन्हा लावला. पहिल्या वेळी मी त्याला केवळ मारामारी समजून बाजूला ठेवले होते. शेवटाकडे शेमस हात उचलतो आणि तो हात खांद्याच्या वर जात नाही, हे तेव्हा माझ्या नजरेतून सुटले होते. रोझमाँटनंतरच्या माझ्या यादीत मी आता कार्डिफ लिहिले आहे. पहिला क्रमांक मात्र सोडत नाही.