पेन्शनवर सरकार पडत नाही म्हणे!

खानापूरचा मास्तर:
काल गल्लीच्या ग्रुपवर एकानं भलीमोठी पोस्ट टाकली. मतलब एवढाच की जुनी पेन्शन मागणारे म्हणजे राज्याच्या गळ्यातला धोंडा, आणि शेवटी ऐटीत सवाल, "पेन्शनवर आजवर कुठलं सरकार पडलंय दाखवा." तिथंच उत्तर देणार होतो, पण ॲडमिन आमचे साडू, म्हणून हितं ओकतो.

मी २००८ ला इथं कर्नाटकात शिक्षक लागलो, मराठी हायर प्रायमरी, म्हणजे नव्या पेन्शनमधला. शेजारच्या वर्गावरच्या बाई २००५ च्या, जुन्या पेन्शनमधल्या. खडू तोच, पोरं तीच, पण बाईंना शेवटच्या बेसिकच्या निम्मी पेन्शन, वर डीए, म्हणजे महागाई भत्ता. माझे दर महिन्याला दहा टक्के कापतात, सरकार चौदा घालतं, ते जातं बाजारात, शेवटी साठ टक्के हातात आणि चाळीस टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून महिन्याला ठरीव रक्कम. त्या ॲन्युइटीला डीए नसतो वो! आमचे एक सर उशिरा लागलेले, गेल्या वर्षी रिटायर झाले. स्टाफरूममध्ये पासबुक उघडून एंट्रीखाली बोट ठेवलं, तीन हजार सहाशे काहीतरी. कुणी काही बोललं नाही, चहा तसाच राहिला.

आता सरकार पडण्याचं. केंद्रानं १ जानेवारी २००४ पासून नवी पेन्शन आणली. वाजपेयी सरकार त्याच वर्षी पडलं, पण पेन्शनमुळं कसं पडेल, ज्यांची पेन्शन गेली ते अजून नोकरीला लागायचे होते की! करणारा करून गेला, बिल आलं वीस वर्षांनी दुसऱ्याच्या दारात. हिमाचल २०२२ बघा, जुनी पेन्शन देतो म्हणणारे आले, बसलेलं सरकार गेलं. आणि आपल्या विधान परिषदेच्या वायव्य शिक्षक मतदारसंघात जून २०२२ ला बसलेले भाजपचे आमदार अरुण शहापूर पडले, काँग्रेसचे प्रकाश हुक्केरी आले. त्या महिनाभर आमच्यात दुसरा विषय नव्हता.

टिळकवाडी पहिलं गेट:
मास्तर, सोयीचं तेवढंच सांगता. राजस्थान आणि छत्तीसगडनं २०२२ ला जुनी पेन्शन परत आणली, २०२३ च्या निवडणुकीत दोन्ही सरकारं घरी. हिमाचलनं आणली, मग २०२४ च्या सप्टेंबरात पगार पाच तारखेला आणि पेन्शन दहाला. हुक्केरी आले ते चिकोडीकडच्या वजनावर. त्याच वेळी पदवीधर मतदारसंघात निराणी आले, ते भाजपचेच, मग पदवीधर नोकरदारांना पेन्शन नको होती काय?

कारखाना कॉलनी:
तुमचं दोघांचं चालू दे. आमचे बाबा साखर कारखान्यात एकतीस वर्षं, बॉयलरवर. पेन्शन चौदाशे बारा रुपये. ईपीएसवाले आम्ही, म्हणजे पीएफमधली पेन्शन, पगार कितीही असो हिशोब साडेसहा हजारावर, २०१४ पासून पंधरा हजारावर, आणि त्याच वर्षी मोठ्या मनानं किमान पेन्शन केली १,००० रुपये, ती तशीच पडलीय. आमच्या आईला सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० येतात. बाबा म्हणतात, बॉयलरवर कशाला गेलो, घरची लक्ष्मीच झालो असतो. हसतात पण बघवत नाही. तुम्हाला बेसिकच्या निम्मी पाहिजे, ती पण आमच्या टॅक्समधून. मोर्चा काढा, आम्ही रस्त्यात उभं राहून बघतो.

खानापूरचा मास्तर:
बाबांचं वाईट आहे, मान्य. पण आमची काढून घेतल्यानं त्यांची वाढली काय? आमदार एक टर्म निवडून आला की जन्मभर पेन्शन, त्याच्यापुढं उभे राहा की.

कारखाना कॉलनी:
आमदाराचं नाव काढलं की सुटलात. बरं हाय.

चंदगडी:
मी पलीकडचा, तरी बोलतो. मास्तर, तुमच्या कर्नाटकात नवी पेन्शन लागू झाल्याची तारीख १ एप्रिल २००६. आमच्या महाराष्ट्राची १ नोव्हेंबर २००५. मी जानेवारी २००६ ला चंदगड तालुक्यात शाळेवर लागलो, माझा मावसभाऊ त्याच महिन्यात उचगावात. सीमेवरची शिनोळी ओलांडली की कर्नाटकातलं उचगाव. त्याला जुनी पेन्शन, मला नवी. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हाच विषय. आणि तुम्ही सीमाभागातले कायम म्हणता कर्नाटकात मराठी माणसाचं वाटोळं झालं!

सुळग्याचा:
काय बोलायलैत तुम्ही? १९५६ ला, १९८६ ला माणसं मेली ती डीए मोजत मेली काय? पाच महिन्यांच्या पेन्शनवर सीमाप्रश्न तोलताय, लाज वाटू द्या.

चंदगडी:
तोललं नाही, घडलं ते सांगितलं. तसंही १ नोव्हेंबरला तुम्ही काळा दिन पाळता, आमच्या नोकरदारांचाही काळा दिन तोच. एवढं तरी एकीकरण झालं.

सुळग्याचा:
विनोद तुम्हाला सुचतात कारण तुमचे अर्ज मराठीत असतात. माझी पोरगी डबल ग्रॅज्युएट, फॉर्म कन्नडमध्ये, परिपत्रक कन्नडमध्ये, कन्नडचा पेपर पास व्हायला तीन वर्षं गेली, तोवर वय गेलं. आता मॉलमध्ये बिलिंगला आहे. ज्याला नोकरीच नाही त्याला जुनी काय आणि नवी काय. आधी ते सोडवा, मग पेन्शन.

टिळकवाडी पहिलं गेट:
मग तुमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीनं इतक्या वर्षांत नोकरीवर, पेन्शनवर एक तरी मोर्चा काढला काय? विधानसभेत २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. माझ्या घरात पिढ्यानपिढ्या समितीचं मत, मागल्या वेळी धाकट्या भावानं उघड सांगितलं की जो पेन्शनचं बोलेल त्याला देणार. आईनं दोन दिवस त्याला वाढलं नाही.

सुळग्याचा:
म्हणजे भाषा विकली.

टिळकवाडी पहिलं गेट:
तोंड सांभाळा. भाऊ ट्रेझरीत आहे, दिवसभर कन्नडमध्ये लिहितो आणि घरी ज्ञानेश्वरी वाचतो. तुम्ही काय विकलं ते काढायला लावू नका.

शहापूरची आजी:
अरे भांडा पण वयाचं भान ठेवा. मी २०११ ला रिटायर, जुनी पेन्शन. यजमान गेले, पोरगा पुण्यात. एक तारखेला पैसे येतात म्हणून सून फोनवर गोड बोलते, मला भ्रम नाही. पण औषधाला हात पसरावा लागत नाही. पेन्शन म्हणजे काय ते टक्केवारीत कळायचं नाही.

खानापूरचा मास्तर:
आजी बरोबर बोलल्या. मूळ मुद्दा राहिलाच. २०२३ च्या १ मार्चला आम्ही संपावर गेलो, काही तासांत भाजपच्या बोम्मई सरकारनं १७ टक्के अंतरिम वाढ दिली आणि पेन्शनवर कमिटी नेमली. ते सरकार मे महिन्यात गेलं. काँग्रेसनं जाहीरनाम्यात २००६ नंतरच्यांबद्दल "सहानुभूतीनं विचार करू" म्हटलं होतं. सहानुभूती मिळाली ती २०२४ च्या जानेवारीत, १ एप्रिल २००६ च्या आधी जाहिरात निघालेल्या साधारण १३,००० जणांना. बाकीचे आम्ही अजून विचारातच आहोत.

टिळकवाडी पहिलं गेट:
बोम्मई पडले ते चाळीस टक्के कमिशनच्या आरोपावर आणि काँग्रेसच्या पाच गॅरंटींवर. तुमच्या संपाचं त्यात किती, ते तुम्हीच मोजा. पण कमिटी नेमून गप्प बसले हे खरं. आणि केंद्रानं २०२४ च्या ऑगस्टात यूपीएस ही पेन्शन योजना काढली, २५ वर्षं नोकरीला सरासरी बेसिकच्या निम्मी, म्हणजे घाबरले होते हेही खरं. एवढं लिहून देतो, फ्रेम करून स्टाफरूममध्ये लावा.

खानापूरचा मास्तर:
लावतो. खाली तुमची सही पाहिजे, कन्नडमध्ये, नाहीतर सुळग्याचे चिडतील.

सुळग्याचा:
चिडलोच आहे.

कारखाना कॉलनी:
एवढं सगळं वाचलं. हजाराचे पंधराशे व्हावेत असं कुणी एका ओळीत पण लिहिलं नाही. बाबांना वाचून दाखवणार होतो, राहू दे.