नववीतल्या पोराला पावनखिंड ट्रेकला एकटं पाठवू का?

मुलगा १४ चा झालाय. खोलीचं दार लावून मोबाईल, काही विचारलं की "काही नाही". जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ग्रुप ट्रेक आहे, दोन दिवस, पन्नासेक किमी चालणं, वरून पाऊस. सोबत जाऊ की एकटाच जाऊ दे?

घाटवाट_वेडा: जाऊ दे की! बाबा सोबत असला की सॅक बाबाच उचलतो 😄 माझा गेल्या वर्षी गेलेला, आला तेव्हा बुटात अर्धा किलो चिखल, पायावर जळवांचे डाग आणि कधी नव्हे ते पठ्ठ्या स्वतःच मोजे धुवायला बसला.

जुनाभिडू: पाठवा, पण लीडर "मर्द बन" टाईप नसावा. मी नववीत कॅम्पला रात्री रडलो तर सगळ्यांसमोर चिडवलेलं, नंतर १० वर्षं डोंगराकडे फिरकलो नाही. लीडरने उत्तरकाशीच्या निमचा (नेहरू गिर्यारोहण संस्था) २८ दिवसांचा बेसिक कोर्स वगैरे केलाय का, सगळ्यात मागे कोण चालतं, हे आधी विचारा.

प्रश्नकर्ता: थँक्यू. शेवटी त्यालाच विचारलं. म्हणाला, पन्हाळ्यावर सोडायला या, पण मित्रांसमोर मिठी नको.