आपत्ती जाहीर करायची चावी कलेक्टरकडेच का?

मुळाकाठचा
रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर कलेक्टरांचा आदेश फिरतो: रेड अलर्ट, उद्या शाळा बंद. सकाळी बघावं तर लख्ख ऊन. इशारा घाटमाथ्याला, सुट्टी शहराला! पण माझं भांडण सुट्टीशी नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर, निवडून आलेला माणूस फक्त सहअध्यक्ष. रस्ता बंद करणं, वस्ती हलवणं, सगळं कलम ३४ खाली तिथूनच. मग पंचायती-पालिकांना अधिकार देणारी ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती कशाला केली? ज्यांना निवडून दिलं त्यांना ठरवू द्या. चुकले तर पुढच्या वेळी पाडू.

फाईलबहाद्दर
पाडाल पाच वर्षांनी, पाणी येतं पहाटे चारला. धरण एका तालुक्यात, पूर दुसऱ्यात; सरपंचाची हद्द वेशीपर्यंत. पोलीस, महसूल, जलसंपदा, एसटी या सगळ्यांना कामाला लावू शकेल असा जिल्ह्यात एकच माणूस असतो. शिवाय कलम ५१ बघा, आदेश मोडला तर वर्षभरापर्यंत कैद. हा दंडुका नगरसेवकाच्या हातात दिला तर बंदी फक्त विरोधकाच्या मंगल कार्यालयाला लागेल.

मुळाकाठचा
सगळ्यांना कामाला लावणारा माणूस २५ जुलै २०२४ लाही होताच की. पुण्यात खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक पहाटे उठले ते पार्किंगमधल्या पाण्यातच. कुठल्या सोसायटीत पाणी आधी शिरतं हे वॉर्डातल्या पोराला पाठ असतं.

सकाळची शाळा
पोराला पाठ असेल, पण त्याला विसर्गाचा आकडा कोण कळवतं? आकडाच आला नाही तर चावी कुणाकडेही असो. बाकी निर्णय घ्यायचा तर रात्रीच घ्या. ८ जुलै २०२४ ला मुंबईत रात्री एक ते सकाळी सात एवढ्यात काही ठिकाणी ३०० मिमी पाऊस झाला आणि सुट्टी जाहीर झाली सकाळी. सातच्या शाळेची मुलं तोवर रिक्षात बसलेली असतात. त्यापेक्षा मला फुकट गेलेली सुट्टी परवडते.

बार्शी रोड
आम्ही लातूरचे. २०१६ च्या मार्चमध्ये आमच्याकडे पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ लागलं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. ते आपत्ती कायद्यातलं नव्हे, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं. आता नव्या संहितेत कलम १६३. टँकर आधी कुणाच्या गल्लीत यावरून डोकी फुटायची वेळ आली होती, म्हणून जमावबंदी मला पटली. पण तिने घागर भरत नाही. पाणी आलं एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेनं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मांजरा धरण आटत चाललंय हे कळायला कुठलंच कलम लागत नव्हतं. त्या आधीच्या महिन्यांचा जाब कलेक्टरला विचारायचा की महापालिकेला? कायदा संकटाच्या दिवशी जागा होतो, त्याच्या आधीचं कुणाच्याच खात्यात नाही.

फाईलबहाद्दर
कायद्यात आराखडाही आहे, कलम ३१. दरवर्षी अद्ययावत करायचा असतो.

बार्शी रोड
असतो. कपाटात.

मुळाकाठचा
मग निदान सहअध्यक्षाची सही आदेशावर सक्तीची करा.

फाईलबहाद्दर
पहाटे चारला सहअध्यक्ष फोन उचलणार?

मुळाकाठचा
जिल्ह्याची आपत्ती हेल्पलाईन १०७७ लावून बघा, तिकडे तरी कोण उचलतं ते सांगा.